थांबल्याची खूण आणि थांबत असल्याची खूण

वाहनाच्या पुढच्या दिव्यांनी रस्ता दिसतो. मागच्या दिव्यांनी त्या वाहनाच्या चालकाचा हेतू कळतो. रात्रीच्या अंधारात मागून येणाऱ्याला पुढच्या चालकाचा हात दिसत नाही, हाक ऐकू जात नाही. जो काही निरोप पोहोचायचा तो दिव्याच्याच द्वारे. या निरोप्या दिव्यांपैकी दोन दिवे विशेष महत्त्वाचे आहेत. एक ब्रेक दिवा आणि दुसरा धोकासूचक दिवा, ज्याला चालकांच्या बोलीत 'चारही इंडिकेटर' असे म्हणतात. या दोन दिव्यांची विद्युत् जोडणी कशी केलेली असते, ती कोठे एकत्र येते, कोठे वेगळी राहिलीच पाहिजे आणि नको त्या ठिकाणी ती एकत्र झाल्यास काय घडते, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

विषय वरकरणी गॅरेजमधील कारागिरांचा वाटेल. परंतु महाराष्ट्राच्या ग्रामीण रस्त्यांवर तो सर्वांच्या उंबरठ्यापर्यंत आलेला आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालणाऱ्या गळीत हंगामात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे व अहिल्यानगर या जिल्ह्यांतून उसाने भरलेल्या ट्रॉल्या रात्रंदिवस कारखान्याकडे जात असतात. टंचाईच्या काळात पाण्याचे टँकर फिरतात. ग्रामपंचायतीची घंटागाडी असते, शाळेची बस असते. यांपैकी अनेक वाहने ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या मालकीची अथवा कराराने घेतलेली असतात. त्यांच्या पाठीमागचा निरोप स्पष्ट आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी म्हणूनच केवळ कारागिरावर सोपवून चालत नाही.

दोन दिवे, दोन निरोप

ब्रेक दिवा सांगतो, 'वेग कमी होत आहे.' धोकासूचक दिवे सांगतात, 'हे वाहन रस्त्यात उभे आहे, जपून या.' पहिला निरोप चालत्या वाहनाचा, दुसरा थांबलेल्या वाहनाचा. दोहोंमधील अंतर मागच्या चालकासाठी किती मोलाचे आहे, हे साध्या हिशेबाने दिसून येते. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे सरकते. पुढे ५० मीटरवर ताशी १५ किलोमीटर वेगाने चाललेली ट्रॉली असेल, तर तिच्यापर्यंत पोहोचण्यास ४ सेकंद लागतील. तीच ट्रॉली उभी असेल, तर हा अवधी ३ सेकंदांचा होतो. यातील साधारण एक सेकंद पाहण्यात, समजण्यात व पाय ब्रेकवर नेण्यात जातो. निरोप संदिग्ध असेल तर समजण्याचा काळ वाढतो आणि थांबण्याचा काळ तेवढाच घटतो.

याच कारणाने केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये दोन्ही दिव्यांचे स्वरूप वेगवेगळे ठरवून दिलेले आहे. ब्रेक दिवा मागच्या बाजूस, लाल रंगाचा आणि ब्रेक दाबताच पेटणारा असावा. इंडिकेटर नारिंगी रंगाचा आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणारा असावा. दुचाकी व तीनचाकी वाहने वगळता अन्य मोटार वाहनांत, वाहन जागीच अडकून पडल्यास सर्व इंडिकेटर एकाच वेळी लुकलुकतील अशी सोय असावी. लाल व स्थिर हे एक अक्षर, नारिंगी व लुकलुकते हे दुसरे. वाचणाऱ्याला दोन्ही अक्षरे एकाच वेळी वाचता आली पाहिजेत, कारण नादुरुस्त वाहन कडेला घेत असता चालकाला ब्रेकही दाबावा लागतो.

ब्रेक दिव्याची वाट

ब्रेक दिव्याचा विद्युत् मार्ग सर्वांत सरळ आहे. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली तार फ्यूजमधून ब्रेकच्या स्विचकडे जाते आणि तेथून मागच्या डाव्या व उजव्या दिव्यांकडे तिच्या दोन शाखा होतात. हा स्विच बहुधा पायाच्या पेडलजवळ असतो. ट्रक व बस यांच्या हवेच्या ब्रेकमध्ये तो हवेच्या दाबाने चालतो. दिव्यातून बाहेर पडलेला प्रवाह वाहनाच्या लोखंडी सांगाड्यामार्फत बॅटरीच्या ऋण टोकाकडे परततो. या परतीच्या वाटेलाच कारागीर 'अर्थिंग' म्हणतात.

पारंपरिक बल्बमध्ये बहुतेक ठिकाणी एकाच काचेत दोन तंतू असतात. एक ५ वॅटचा, रात्री सतत पेटणाऱ्या टेललॅम्पसाठी. दुसरा २१ वॅटचा, ब्रेकसाठी. बल्बच्या बुडाच्या दोन खुंट्या मुद्दाम वेगवेगळ्या उंचीवर ठेवलेल्या असतात, जेणेकरून बल्ब उलटा बसू नये. जोर लावून तो उलटा बसवला, तर रात्रभर २१ वॅटचा तंतू पेटत राहतो आणि ब्रेक दाबल्यावर केवळ ५ वॅटची भर पडते. मागच्या चालकाला ब्रेक लागल्याचे कळतच नाही.

चारही दिव्यांची वाट

इंडिकेटरचा मार्ग थोडा अधिक गुंतागुंतीचा आहे. प्रवाह किल्लीच्या स्विचमधून 'फ्लॅशर' नावाच्या छोट्या डबीत येतो. ही डबी प्रवाह जोडते व तोडते. जुन्या फ्लॅशरमध्ये हे काम दोन धातूंच्या जोडपट्टीने होई. प्रवाहाने पट्टी तापून वाकली की संपर्क तुटे, थंड झाली की पुन्हा जुळे. नव्या फ्लॅशरमध्ये ते इलेक्ट्रॉनिक मंडलाने होते. फ्लॅशरपासून प्रवाह स्टिअरिंगजवळच्या दांडीकडे जातो आणि दांडी ज्या बाजूला वळवावी त्या बाजूचे दिवे लुकलुकतात.

धोकासूचक दिव्यांना निराळे बल्ब नसतात. ते इंडिकेटरचेच बल्ब होत. लाल त्रिकोणाची खूण असलेला जो खटका चालकासमोर असतो, तो दाबला की तीन गोष्टी एकदम घडतात. फ्लॅशरला मिळणारा प्रवाह किल्लीऐवजी थेट बॅटरीकडून घेतला जातो; डाव्या व उजव्या बाजूच्या तारा फ्लॅशरला एकत्र जोडल्या जातात; आणि वळणाची दांडी निरुपयोगी ठरते. किल्ली काढून घेतली तरी हे दिवे चालू राहतात, कारण बंद पडलेल्या वाहनाने रात्रभर इशारा देत राहावे हाच त्यांचा हेतू.

येथे एका मर्यादेची नोंद घेतली पाहिजे. १२ व्होल्टच्या वाहनात २१ वॅटचा एक दिवा सुमारे पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतो. ट्रॅक्टरचे चार आणि ट्रॉलीचे दोन असे सहा दिवे एकदम पेटले, तर १२६ वॅट म्हणजे साडेदहा अँपिअर होतात. लुकलुकण्यात निम्मा वेळ दिवे विझलेले असतात, म्हणून सरासरी सव्वापाच अँपिअर धरावी. ७५ अँपिअर-तास क्षमतेची पूर्ण भारित बॅटरी अशा वापराने सात तासांत अर्धी रिकामी होते. ती जुनी असेल तर त्याही आधी. यास्तव दिव्यांच्या जोडीला परावर्तक त्रिकोण आणि मागच्या बाजूची लाल परावर्तक पट्टी अत्यावश्यक आहे. बॅटरी संपल्यावर तेवढाच आधार उरतो.

वरील वर्णनावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. योग्य जोडणीत ब्रेक दिवा आणि धोकासूचक दिवे केवळ दोन ठिकाणी भेटतात. आरंभी बॅटरीपाशी आणि शेवटी अर्थिंगपाशी. मधल्या वाटेत त्यांची तार, स्विच आणि तंतू स्वतंत्र असतात.

एकच तंतू, दोन कामे

सर्वच देशांनी ही वेगळीक पाळली असे नाही. युरोपात मागचा इंडिकेटर नारिंगी असणे बंधनकारक आहे. अमेरिकेत मात्र तो लाल ठेवण्याची मुभा असल्याने अनेक वाहनांत एकच लाल तंतू ब्रेक व इंडिकेटर या दोहोंचे काम करतो. या पद्धतीत ब्रेकची तार थेट दिव्याकडे न जाता वळणाच्या स्विचमधून जाते. डावीकडचे वळण दाखवले की स्विच डाव्या दिव्याचा ब्रेकशी असलेला संबंध तोडून तो फ्लॅशरला जोडतो. ब्रेक दाबलेला असल्यास उजवा दिवा स्थिर पेटतो आणि डावा लुकलुकतो. एखाद्या मोठ्या वाहनाआड पुढच्या गाडीचा एकच कोपरा दिसत असेल, तर पाहणाऱ्याला पूर्ण निरोप मिळत नाही.

धोकासूचक खटका दाबल्यावर अडचण आणखी वाढते. आता दोन्ही लाल तंतू फ्लॅशरकडे गेलेले असतात. अशा वेळी ब्रेक दाबला तर काही वाहनांत ब्रेकचा स्थिर प्रवाह वरचढ ठरतो आणि मागील लुकलुक थांबते. काही वाहनांत लुकलुक चालू राहते आणि ब्रेकची खूण उमटतच नाही. दोन्ही प्रकारांत एक निरोप दुसऱ्याला गिळतो. तंतू एक असल्यामुळे याहून निराळे काही घडणे शक्यही नाही.

अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून मोटारगाड्यांना मागे मध्यभागी उंचावर तिसरा ब्रेक दिवा सक्तीचा झाला. हा दिवा वळणाच्या स्विचमधून जात नाही, त्यामुळे इतर दिवे लुकलुकत असतानाही तो ब्रेकचीच खूण देतो. त्या देशाच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने १९९८ मध्ये केलेल्या मूल्यमापनात या तिसऱ्या दिव्यामुळे मागून होणाऱ्या धडका दीर्घकाळात ४.३ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. त्याच प्रशासनाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वळताना किंवा मार्गिका बदलताना मागून बसणाऱ्या धडका नारिंगी इंडिकेटरच्या वाहनांत लाल इंडिकेटरच्या वाहनांपेक्षा ५.३ टक्क्यांनी कमी असल्याचा अंदाज दिला आहे. हे आकडे दिसावयास लहान आहेत. परंतु केवळ रंगाच्या व तारेच्या वेगळेपणाने इतका फरक पडावा, ही गोष्ट लहान नाही.

ट्रॉलीच्या जोडणीतील घोटाळा

भारतात नारिंगी इंडिकेटर अनिवार्य असल्यामुळे कारखान्यातून निघालेल्या वाहनात हा प्रश्न येत नाही. तो निर्माण होतो ट्रॉलीत, आणि तोही दुरुस्तीच्या वेळी.

ट्रॅक्टर व ट्रॉली यांना जोडणाऱ्या सात खाचांच्या प्लगसाठी 'आयएसओ १७२४' हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार पहिली खाच डाव्या इंडिकेटरची, चौथी उजव्या इंडिकेटरची, पाचवी व सातवी अनुक्रमे उजव्या व डाव्या टेललॅम्पची, सहावी ब्रेक दिव्याची आणि तिसरी अर्थिंगची. दुसरी खाच मागील धुके-दिव्यासाठी राखलेली असते. डावे इंडिकेटर, उजवे इंडिकेटर आणि ब्रेक यांना तीन स्वतंत्र खाचा दिलेल्या आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. दुरुस्तीच्या वेळी तारेच्या रंगावर विसंबू नये, खाचेचा क्रमांक पाहावा. कारण जुन्या ट्रॉलीत मिळेल त्या रंगाची तार जोडलेली असण्याचा संभव असतो.

ट्रॉलीचा नारिंगी दिवा फुटला आणि नवा हाताशी नसला, की पुष्कळदा ब्रेक व इंडिकेटर या दोन्ही तारा पिळून एकाच लाल बल्बला जोडल्या जातात. हंगामाची घाई असते. दिवा पेटला म्हणजे काम झाले असे वाटते. परंतु ब्रेकची तार डावीकडे व उजवीकडे एकच असते. ती दोन्ही बाजूंच्या इंडिकेटरच्या तारांना जोडली, की डावी व उजवी बाजू परस्परांशी जोडली जाते. मग डावीकडे वळण्याची खूण दिली तरी प्रवाह ब्रेकच्या तारेतून उजव्या दिव्यापर्यंत पोहोचतो आणि दोन्ही बाजू लुकलुकू लागतात. शेताच्या वाटेला वळणारी ट्रॉली मागच्या चालकाला रस्त्यात उभी असल्यासारखी भासते. तो तिला ओलांडण्यासाठी उजवीकडून पुढे येतो आणि त्याच क्षणी ट्रॉली उजवीकडे वळू शकते. ब्रेक दाबला तर तोच प्रवाह उलट वाटेने ट्रॅक्टरच्या पुढच्या इंडिकेटरपर्यंत जातो आणि समोरून येणाऱ्याचीही दिशाभूल होते. अमेरिकेतील चार तारांच्या ट्रेलरमध्ये दोन्ही कामे एका दिव्यावर घेताना मध्ये खास परिवर्तक बसवावा लागतो. प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देणारे इलेक्ट्रॉनिक घटक त्यात असतात. तारा नुसत्या पिळून ते काम होत नाही.

अर्थिंगचा दोष

याहून सार्वत्रिक आणि अधिक फसवा दोष अर्थिंगचा आहे. प्रवाहाला परतीची वाट हवी असते. ट्रॉलीत अनेकदा अर्थिंगची स्वतंत्र तार ओढलेलीच नसते. ट्रॅक्टरची हूक व ट्रॉलीची दांडी यांच्या स्पर्शावर भिस्त ठेवलेली असते. तेथे गंज, वंगण व चिखल जमतो. दिव्याचा होल्डर रंग दिलेल्या पत्र्यावर बसवलेला असतो आणि रंग विजेला अडवतो.

परतीची वाट अशी अडली की प्रवाह दुसरी वाट शोधतो. ब्रेकच्या २१ वॅट तंतूतून आलेला प्रवाह त्याच बल्बमधील ५ वॅटच्या तंतूतून उलटा शिरतो आणि टेललॅम्पच्या तारेने दुसऱ्या बाजूच्या दिव्यात जाऊन तेथून सांगाड्याला मिळतो. परिणामी ब्रेक दाबला असता भलतेच दिवे मिणमिणू लागतात आणि ब्रेक दिवा मात्र पुरेसा पेटत नाही. वाट पूर्ण न अडता अरुंद झाली, तर आणखी एक लक्षण दिसते. ब्रेक व इंडिकेटर या दोहोंचा प्रवाह त्याच अरुंद वाटेने परत जाऊ पाहतो. इंडिकेटर पेटला की ब्रेक दिवा मंदावतो, इंडिकेटर विझला की तो पुन्हा उजळतो. ब्रेकचा लाल दिवा इंडिकेटरच्या तालावर मंद-तेज होताना दिसला, तर अर्थिंगच्या दोषाची शंका प्रथम घ्यावी.

तंतूच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टतेपेक्षा फार वेगाने घटतो. दिव्यापर्यंत पोहोचणारी व्होल्टता १० टक्क्यांनी कमी झाली, तर प्रकाश जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे गंजलेल्या एका स्क्रूपायी ब्रेक दिव्याचा मोठा हिस्सा वाया जाऊ शकतो. हा दोष दूर करण्यास नवा दिवा लागत नाही. पत्रा खरवडून स्वच्छ करणे, स्क्रू घट्ट करणे आणि प्लगच्या तिसऱ्या खाचेपासून प्रत्येक दिव्यापर्यंत अर्थिंगची स्वतंत्र तार ओढणे, इतकेच पुरते.

चालत्या वाहनात चारही दिवे

जोडणी निर्दोष असूनही वापराने निरोप बिघडतो. चौकात सरळ जायचे आहे हे दाखवण्यासाठी चारही इंडिकेटर लावण्याची सवय अनेक चालकांना जडलेली आहे. बोर घाटात किंवा आंबोलीत धुके उतरले, मुसळधार पाऊस लागला किंवा बोगदा आला, की हे दिवे लावले जातात. हेतू चांगला असतो, परिणाम उलटा होतो. कडेच्या वाहनाला त्या चारांपैकी एकाच बाजूचा दिवा दिसत असेल, तर त्याला ते वळणाचे चिन्ह वाटते. शिवाय हा खटका दाबलेला असेतोवर वळणाची दांडी काम करीत नाही, हे वर आलेच आहे. म्हणजे वाहन मार्गिका बदलू लागले तरी त्याची खूण देता येत नाही. आणि मागच्या चालकाला पुढचे वाहन उभे आहे की चालते आहे, याचा उलगडा होत नाही. ब्रेकची तार स्वतंत्र असल्याने लाल दिवा पेटतो हे खरे. परंतु लुकलुकत्या नारिंगी प्रकाशात त्याचे पेटणे उशिरा ध्यानात येते. धुक्यात व पावसात पुढचे दिवे खालच्या झोतावर ठेवावेत, टेललॅम्प चालू असावेत, वेग कमी करावा आणि चारही इंडिकेटर खरोखर थांबण्याच्या प्रसंगासाठी राखून ठेवावेत.

नव्या वाहनांत या दोन दिव्यांचा एक विचारपूर्वक घडवलेला संबंध आढळतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनदिव्यांविषयीच्या ४८ क्रमांकाच्या विनियमात 'आपत्कालीन थांबा संकेत' या सोयीला मुभा आहे. ताशी ५० किलोमीटरपेक्षा अधिक वेगात अत्यंत जोराने ब्रेक लागल्यास ब्रेक दिवे किंवा सर्व इंडिकेटर सेकंदाला सुमारे चार वेळा, म्हणजे नेहमीपेक्षा पुष्कळ जलद, आपोआप लुकलुकतात. येथे दोन तारा एकमेकींना पिळलेल्या नसतात. ब्रेकचा स्विच आणि वेगाचे मापन यांची माहिती नियंत्रक संगणकाकडे जाते व तो दिव्यांना आज्ञा देतो. एलईडी दिव्यांचाही लाभ आहे. तंतूचा दिवा पूर्ण उजळण्यास सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा लागतो, एलईडी तत्क्षणी उजळतो. ताशी ६० किलोमीटर वेगात तेवढ्या अवधीत तीन मीटरहून अधिक अंतर कापले जाते. मात्र तंतूच्या दिव्यासाठी घडवलेल्या फ्लॅशरला नुसते एलईडी जोडले, तर अत्यल्प प्रवाहामुळे तो दिवा फ्यूज झाल्याचे समजून जलद लुकलुकतो अथवा चालतच नाही. त्यासाठी फ्लॅशरही त्याच जातीचा घ्यावा लागतो.

दहा मिनिटांची तपासणी

या सर्व दोषांची परीक्षा दोन व्यक्तींना कोणत्याही उपकरणाशिवाय करता येते. एकाने चालकाच्या जागी बसावे, दुसऱ्याने वाहनापासून दहा पावलांवर मागे उभे राहावे. संध्याकाळची वेळ उत्तम.

प्रथम टेललॅम्प लावावेत. दोन्ही बाजूंस मंद, स्थिर लाल प्रकाश दिसावा. नंतर ब्रेक दाबावा. दोन्ही लाल दिवे ठळकपणे उजळावेत आणि नारिंगी दिवे पूर्ण अंधारे राहावेत. ब्रेक सोडून डावा व नंतर उजवा इंडिकेटर लावावा. ज्या त्या बाजूचाच दिवा लुकलुकावा. पुढे किल्ली काढून चारही इंडिकेटर लावावेत. सर्व एकाच तालात लुकलुकावेत. शेवटी, चारही इंडिकेटर लुकलुकत असताना ब्रेक दाबून धरावा. लाल दिवा स्थिर व तेजस्वी, नारिंगी लुकलुकता, आणि कोणीही दुसऱ्याला न अडवता. ही पाचवी कसोटीच खरी कसोटी होय, कारण पहिल्या चार कसोट्यांत सुटलेला दोष येथे उघडा पडतो. ट्रॉली जोडलेली असताना आणि शक्यतो ती भरलेली असताना ही तपासणी करावी. भाराने दांडीचा स्पर्श बदलतो आणि ऊस किंवा चारा दिव्यांवर लोंबत असल्यास तेही दिसून येते.

दोष ओळखण्याच्या खुणाही सोप्या आहेत. लाल दिवा नारिंगी दिव्याच्या तालावर कमी-जास्त होत असेल, तर अर्थिंग पाहावे. ब्रेक दाबताच लुकलुक थांबत असेल किंवा एका बाजूची खूण दिली असता दोन्ही बाजू लुकलुकत असतील, तर तारा कोठेतरी एकत्र पिळलेल्या आहेत. एका बाजूची लुकलुक अतिशय जलद किंवा अतिशय मंद झाली असेल, तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला असण्याचा संभव आहे.

शिक्षकांना हाच विषय वर्गात दाखवता येईल. टॉर्चचे दोन बल्ब, दोन सेल, दोन स्विच आणि दोहोंना मिळून परतीची एकच तार, अशी मांडणी करावी. प्रत्येक बल्ब आपापल्या स्विचने स्वतंत्रपणे पेटेल. नंतर परतीच्या वाटेत हीटरच्या तारेचा एक तुकडा जोडावा. आता दुसरा बल्ब लावताच पहिला मंदावेल. पाठ्यपुस्तकातील समांतर जोडणी व रोध या संकल्पना विद्यार्थ्यांच्या ध्यानात राहतील, आणि घरच्या ट्रॉलीकडे पाहण्याची दृष्टीही त्यांना येईल.

कायदा आणि कर्तव्य

ट्रॉलीला स्वतःचे इंजिन नसल्यामुळे ती 'वाहन' नव्हे, असा एक समज आढळतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(२८) मधील मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलरचा स्पष्ट समावेश आहे. त्याच अधिनियमाच्या कलम १९० प्रमाणे, ज्या दोषामुळे वाहन वा ट्रेलर इतरांना धोकादायक ठरते आणि जो दोष साधारण दक्षता घेतली असता लक्षात आला असता, अशा दोषासह ते सार्वजनिक रस्त्यावर चालवणारा तर जबाबदार असतोच, परंतु चालवायला लावणारा किंवा चालवू देणारा देखील जबाबदार असतो. 'साधारण दक्षता' या शब्दांचा अर्थ या विषयापुरता उघड आहे. वर सांगितलेली दहा मिनिटांची तपासणी त्या दक्षतेत सहज बसते.

यावरून पंचायतींना व अधिकाऱ्यांना काही निश्चित पावले उचलता येतील. टँकर किंवा घंटागाडी विकत घेताना अथवा भाड्याने ठरवताना स्वतंत्र ब्रेक दिवा, स्वतंत्र नारिंगी इंडिकेटर, सात खाचांचा प्लग, अर्थिंगची स्वतंत्र तार आणि परावर्तक पट्टी या बाबी करारातच लिहाव्यात. देयक मंजूर करण्यापूर्वी पाचही कसोट्या घेऊन नोंदवहीत तशी नोंद करावी. गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी एका ठरलेल्या संध्याकाळी गावातील ट्रॉल्या शाळेच्या किंवा पंचायतीच्या पटांगणात बोलावून कारागिराच्या उपस्थितीत त्यांची तपासणी करावी आणि तेथल्या तेथे तारा व स्क्रू दुरुस्त करावेत. शाळेच्या बसची हीच तपासणी मुख्याध्यापकांनी दर महिन्याला करून घ्यावी.

या कामाला निधीपेक्षा लक्ष अधिक लागते. काही मीटर तार, दोन-चार बल्ब, खरवडण्याचा कागद आणि एक पाना एवढ्या साहित्यात एका ट्रॉलीचा निरोप सुधारता येतो. रात्री दहा वाजता कारखान्याच्या वाटेवर उभ्या राहिलेल्या ट्रॉलीमागून एखादा दुचाकीस्वार आपल्या कुटुंबासह येत असतो. पुढचे वाहन चालते आहे की थांबले आहे, हे त्याला तीन सेकंदांत कळावयास हवे. ते त्याला कळेल की नाही, हे हंगामापूर्वीच्या त्या संध्याकाळी पटांगणात ठरलेले असते.